जनीनं पाण्यात हात घातला

सन तीसच्या आसपास रत्नागिरीतल्या एका छोट्या इस्पितळात मी नवाकोरा कंपाउंडर होतो. परीक्षा पास झालो म्हणजे सगळी अक्कल आपल्याच वाट्याला आली, असं मला मनापासून वाटे. इस्पितळ झाडणारी जनी मला बजावायची, की पटकीच्या रोग्याचं अंथरूण कुणाला द्यायचं नाही. मागच्या खड्ड्यात रॉकेल ओतून जाळायचं आणि वर चुना टाकायचा. मी हसायचो. झाडूवालीनं मला शिकवावं?

त्या वैशाखात गोदाचा नवरा पटकीनं गेला. ती जेमतेम वीस वर्षांची. त्यांची गोधडी तरी द्या, म्हणून माझ्यासमोर बसून राहिली. मला दया आली. जनी जेवायला गेलेली पाहून मी खड्ड्यात टाकलेली गोधडी काढून तिला देऊन टाकली.

जनीनं परत येऊन खड्डा रिकामा पाहिला. गोदा कुठल्या वाडीची, एवढंच मला विचारलं आणि चालू लागली. मीही मागोमाग निघालो.

मिरजोळ्याकडच्या त्या वाडीत पोचायला आम्हाला उशीरच झाला. गोदानं पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, वरच्या कातळावर गोधडी धुऊन वाळत टाकली होती. उन्हाळ्यात पऱ्या म्हणजे नुसता ओघळ. धुण्याचं पाणी खालच्या डबक्यात उतरलं होतं, आणि अख्खी वाडी पिण्याचं पाणी तिथूनच भरायची. बायका हंडे घेऊन येतच होत्या. जनीनं लांबूनच सांगितलं, हे पाणी प्यायलात तर वाडी ओस पडेल. मीही सांगून पाहिलं. एवढ्याशा धुण्यानं काय होतंय, म्हणाल्या.

तेव्हा जनी सरळ खाली उतरली. जिथं तिच्या जातीची सावलीसुद्धा चालत नव्हती, तिथं वाकून तिनं कोपरापर्यंत हात पाण्यात घातला.

"मी जनी. इस्पितळातले संडास धुतंय," ती शांतपणे म्हणाली. "आता ह्या पान्याला माजा हात लागलाय. प्यायचा असंल तर प्या."

कुणी प्यायलं नाही. आधी भरलेला एक हंडाही ओतला गेला. मग शिव्या आल्या, आणि एक दगड आला तो तिच्या कपाळाला लागला. जनीनं कातळावरची गोधडी काठीनं उचलली. गोदा रडली, पण जनीची काठी लागलेल्या त्या गोधडीला तीही आता हात लावणार नव्हती.

वाडी त्या दिवसापासून लांबच्या देवळाच्या विहिरीवर जाऊ लागली. डबक्यात लाल औषध टाकायला सरकारी माणूस आठ दिवसांनी उगवला. त्यानंतर वाडीत पटकीनं एकही माणूस गेला नाही. जनीला मात्र तिथं कुणी कधी चांगलं म्हटलं नाही.

इस्पितळात परतल्यावर तिनं गोधडी पेटवली आणि फिनेलनं हात धुतले. मग मी तिची जखम पुसली. तोवर मीही तिला कधी शिवलो नव्हतो. त्याची मला तेव्हा फार लाज वाटली. रक्तानं भिजलेला बोळा मी खिडकीतून भिरकावणार, तोच तिनं माझा हात अडवला.

"खड्ड्यात टाका," ती म्हणाली. "माज्या रगताचा म्हनून काय झाला? ह्यो पन जाळायचा."

मी स्वतः खड्ड्यापर्यंत गेलो. गोधडी अजून जळत होती. बोळा तिच्यावर टाकला आणि चुना आणायला परत फिरलो.