गारांचं पीक

"तिसऱ्यांदा हाच उंबर आला," माझ्यापुढचा विद्यार्थी दुसऱ्याच्या कानात कुरकुरला. "या काकांना वाट तरी ठाऊक आहे का?"

वाट ठाऊक होती, म्हणून तर चुकवत होते. काका म्हणजे आमचे घरधनी, कोंडाजी. नाव कागदावर घेते, तोंडानं अजून घेतलेलं नाही. आमच्या पोशीर गावाच्या वरचा डोंगर त्यांच्याइतका कुणालाच माहीत नाही, म्हणूनच मुंबईच्या कॉलेजातले मास्तर जर्मनची लढाई संपल्यावर पुन्हा त्यांनाच शोधत आले होते. सोबत कमरेला हातोडे लावलेले आठ विद्यार्थी, आणि मागं डोक्यावर भाकऱ्यांची पाटी घेऊन मी.

सात वर्षांमागं मास्तर एकटे आले होते. कड्याखालच्या कपारीत, काळ्या दगडाच्या पोकळीत पांढऱ्या गारांचे, चकाकत्या गारगोट्यांचे झुबके होते, सुईसारखे टोकदार. ते बघून मास्तरांनी पायातले बूट काढले.

"कोंडाजी, हा सारा डोंगर एकदा उकळता रस होता," ते म्हणाले होते. "थिजताना त्यात बुडबुडे राहिले. मग पाणी झिरपत गेलं आणि आत या गारा वाढल्या. सांभाळा हं."

एवढ्यातून गावानं एकच शब्द उचलला: वाढल्या.

आम्ही गवत कापणारी माणसं. वाढतं ते कापावं, मुळं राखावी, पुढच्या साली पुन्हा येतं. माथेरानला हवा खायला निघालेले साहेब-मडमा नेरळला उतरत आणि गार हातात आली की लहान लेकरागत हरखत. आम्ही छिन्नी लावली, पण बुडखे राखून, अगदी जपून. मीही टोपलीत केळीचं पान घालून गारा मांडून बसले होते. पुढच्या साली कपारीत काहीच फुटलं नाही. "औंदा पानी कमी पडलं गं," म्हणत शेजारच्या गौराबाईनं बुडख्यांवर कळशी ओतली. हसू नका, ती कळशी मीच भरून दिली होती.

मग गारा गवतागत पुन्हा फुटायच्या नाहीत हे कळलं, आणि गावात गारांचं नाव निघेनासं झालं.

"फुडं दरड आलीया, मास्तर," घरधनी आता उंबराखाली सांगत होते.

"सकाळी गावातला नामा म्हणाला, तिकडं वाघ आहे. गौराबाई म्हणाल्या, आग्या मोहोळ आहे." मास्तर हसले. "एवढ्याशा कपारीत तिघं मावतात कसे हो?"

विद्यार्थी खदखदले. मी पाटी उगाच सारखी केली.

मास्तर दगडावर टेकले, चष्मा पुसू लागले. "माझी नजर चाललीय, कोंडाजी. पुढच्या वर्षी काही दिसेल असं वाटत नाही. एकदा डोळे भरून बघतो. या पोरांना मी वर्गात सांगितलंय, गारा जगात पुष्कळ ठिकाणी आहेत, पण त्या राखणारा माणूस मी एकच पाहिला."

आठही जणांनी घरधन्यांकडं बघितलं. भरल्या गावात कुणी थोबाडीत मारावी तसा त्यांचा चेहरा झाला.

त्यांनी डोक्यावरचं मुंडासं काढून हातात धरलं.

"दरड नाय, मास्तर. वाघ बी नाय. गारा आमी फोडल्या आन् नेरळला इकल्या. पयली छिन्नी माजीच."