तणसीवरचा आवाज

बापूजींच्या नाटक कंपनीत मी तीन हिवाळे प्रॉम्प्टर होतो. विंगेत बसून पुस्तकातली वाक्यं हळू आवाजात नटांना पुरवायची, हे माझं काम. एरवी वडशाच्या शाळेत मास्तर. विजेच्या यंत्रांतलं मला तेव्हा काही कळत नव्हतं, आताही कळत नाही. त्यामुळे अयूबने त्या पेटीत नेमकं काय केलं हे सांगताना माझ्या चुका होतील. पण ती पेटी मी हातभर अंतरावरून ऐकली आहे, एवढं मात्र खरं.

सत्तावन्न सालचा हिवाळा. धान कापून झालं होतं. आमच्या झाडीपट्टीत मग गावोगाव शंकरपट भरतात. दिवसा बैलांच्या जोड्या धावतात आणि रात्री नाटक उभं राहतं, ते पार उजाडेपर्यंत चालतं. त्या वर्षी बापूजींचा क्लॅरिनेटवाला ऐनवेळी दुसऱ्या कंपनीत गेला. आणि चार दिवसांनी आलापल्लीहून मंगरू आला, बैलगाडीत घोंगडीत गुंडाळलेल्या दोन वस्तू घेऊन.

मंगरू पूर्वी एका लाकूड कंपनीच्या इंग्रज साहेबाकडे स्वयंपाक करायचा. साहेब संध्याकाळी मांडीवर आडवी ठेवून विजेची गिटार वाजवायचा. पुढे त्याने मंगरूला शिकवली आणि सत्तेचाळीस साली मायदेशी जाताना गिटार आणि तिचा आवाज मोठा करणारी पेटी त्याला देऊन गेला. मंगरू डेपोत कामाला लागला. दोन वर्षांपूर्वी सागाचा ओंडका घसरला आणि त्याच्या डाव्या हाताची तीन बोटं गेली.

"या हातानं कुऱ्हाड धरता येत नाई, विळा धरता येत नाई," तो बापूजींना म्हणाला. "हे लोखंड तेवढं धरता येते." त्याने अंगठा आणि उरलेल्या बोटात धरलेली पोलादी कांडी दाखवली. त्या गिटारीच्या तारा बोटांनी दाबायच्या नसतात, कांडी नुसती तारांवरून सरकवायची असते.

"वाजवून दाखवा," बापूजी म्हणाले.

वाजवायला वीज लागणार, म्हणून सगळे अयूबकडे गेलो. अयूब रेडिओ दुरुस्त करायचा. नूर मोहम्मदच्या तांदळाच्या गोदामात, छतापर्यंत रचलेल्या पोत्यांच्या मध्ये त्याचं टेबल होतं. शेजारच्या भातगिरणीच्या इंजिनावरून दिवसा काही तास त्याला वीज मिळे. पेटी अमेरिकन बनावटीची, आपल्या विजेवर जळून जाईल, म्हणून त्याने दोन दिवस बसून तारेचे वेढे घातले आणि वीज निम्मी करणारा ट्रान्सफॉर्मर बनवला. मग बटण दाबलं. मागच्या जाळीतून मी वाकून पाहिलं. काचेच्या नळ्यांमध्ये आधी काहीच नव्हतं. मग एकेका नळीत तांबूस ठिणगी उमटली, वाढली आणि स्थिर झाली. देवळाच्या गाभाऱ्यात वाकून पाहावं तसा मी किती वेळ वाकून राहिलो, मला आठवत नाही.

मंगरूने वाजवलं. आवाज मोठा होता, पण नाकातून बोलल्यासारखा. दुःखाची चाल वाजवली तरी तसाच, आनंदाची वाजवली तरी तसाच.

"हे तं एकच बोलते," बापूजी म्हणाले. "माह्या नाटकात राणी रडते, सेनापती गर्जते, लढाई होते. पेटीनं का फक्त साहेबावानी नाकात बोलत राहायचं?"

मंगरू खाली मान घालून बसला. अयूब म्हणाला, "बापूजी, शनिवारपर्यंत थांबा. मी हिले बोलाले शिकवतो."

"शनिवारी पट आहे. तिथं जमलं तं मंगरूभाऊ कंपनीत. नाई जमलं तं गाडी आलापल्लीले वापस."

पेटीच्या आत एक पिवळा कागद चिकटवलेला होता, रेघारेघांचा. त्यावरचं इंग्रजी मी शब्दकोश घेऊन अयूबला वाचून दाखवायचो. मला अर्थ कळत नसे. त्याला इंग्रजी येत नसे, पण अर्थ कळे. तो पेटीतला, आवाजाची धार कमीजास्त करणारा एक कंडेन्सर काढी, जुन्या रेडिओतला दुसरा डाख देऊन बसवी, आणि मंगरूला म्हणे, "बजाव." कान पोत्यांकडे करून ऐके. मान हलवी. पुन्हा काढी. एक जादा व्हॉल्व्हही, म्हणजे तसलीच काचेची नळी, त्याने आत बसवला. त्याला घरातल्या दिव्याला असतो तसा खटका लावला; तो टाकला की आवाज फाटून गर्जायचा. लढाईसाठी.

शुक्रवारी दुपारी त्याने आणखी एक कंडेन्सर बदलला आणि मंगरूने राणीच्या विलापाची चाल धरली. आवाज आता नाकातला नव्हता. स्वच्छ होता, धारदार होता आणि शेवटी माणसाच्या गळ्यासारखा हळूच थरथरत होता. नूर मोहम्मद तांदूळ मोजायचं थांबवून आला. मंगरू वाजवता वाजवता थांबला.

"काऊन थांबला?" अयूबने विचारलं.

"साहेब गेल्यावर बंगल्यात कोणी नव्हतं," मंगरू म्हणाला. "तवा एकटा बसलो का आत असंच वाटे. मले वाटलं, आवाज आतूनच येऊन राह्यला."

अयूबने पेटी बंद केली आणि झाकणाचे स्क्रू आवळले.

शनिवारी आम्ही वैनगंगेच्या काठच्या गावी पोचलो. कापलेल्या धानाच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेतात, मंडप होता, समोर मोकळं वावर, कडेला रात्री अंथरायच्या तणसीची, धानाच्या पेंढ्याची रास, पलीकडे पटाचं मैदान. तीन वाजता विजेचं इंजिन सुरू झालं. मंगरूने पहिलाच सूर काढला आणि माझ्या दातांत कळ गेली. पत्र्यावर खिळा ओढावा तसा आवाज. पलीकडे पाणी पीत असलेली एक जोडी दावं तोडून सुटली, तिच्यामागे तिचा मालक, त्याच्यामागे त्याचा सुटलेला दुपट्टा. लोक हसले.

"बैलं पळाले," बापूजी म्हणाले. "तिकीट काढलेले माणसंही पळतीन. मंगरूभाऊ, गाडी जुपा."

"काल असं नव्हतं, बापूजी," अयूब म्हणाला. "खुदा कसम, काल रडवत होती."

"काल तुह्या दुकानात मी नव्हतो."

मंगरूने गिटारीवर घोंगडी टाकली आणि चांगल्या हाताने गाठ मारू लागला. एका हाताने ती बसत नव्हती. मी बघत होतो, आणि मला काहीतरी ठाऊक होतं. पण मी यंत्रांतला माणूस नव्हे, आणि चारचौघांत बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटते. गाठ तिसऱ्यांदा सुटली तेव्हा मी अयूबजवळ गेलो.

"अयूबभाऊ, चुकत असेन मी. पण तुमच्या दुकानात पोती आहेत."

"मग?"

"तालमीच्या वेळी रिकाम्या वावरात मी पुस्तक नुसतं पुटपुटलो तरी शेवटच्या खांबापर्यंत ऐकू जातं. रात्री खाली तणस अंथरलेली असते, तिच्यावर दोन हजार माणसं घोंगड्या पांघरून बसतात. तेव्हा ओरडलो तरी नटाला ऐकू येत नाही. तणस आणि घोंगडी आवाज खाऊन टाकतात. पोतीही खात असतील. तुम्ही पेटी पोत्यांच्या मापाने धारदार केली."

अयूबने कपाळावर हात मारला. "या खुदा. आता बोथट करतो. कंडेन्सर बदलतो."

"पण मग रात्री," मी म्हणालो, आणि पुढचं बोलायची हिंमत होईना. तो थांबला. "रात्री माणसं बसली की ती मुकी होईल. आणि मध्यरात्रीनंतर काही उठून जातात, तेव्हा पुन्हा निराळी."

बापूजी ऐकत होते. "मास्तर, तुमी तीन वर्षांत मले एवढे शब्द बोलले नाई," ते म्हणाले. मंगरूच्या हातातली गाठ तशीच राहिली.

अयूबने इकडेतिकडे पाहिलं. त्याच्या पिशवीत त्याचा स्वतःचा छोटा रेडिओ होता. तो रात्री ऐकायला आणायचा. त्याने तो उघडला, आतलं फिरवायचं बटण कापून काढलं आणि पेटीला छिद्र पाडून बसवलं. डावीकडे फिरवलं की धार विरघळून जाई, उजवीकडे फिरवलं की ती परत येई. मधल्या हजार जागांवर हजार आवाज होते. सूर्य मावळायच्या आत मंगरूने वाजवून पाहिलं. बैल चरत राहिले.

"पण फिरवन कोन?" मंगरूने विचारलं. त्याच्या एका हातात कांडी, दुसऱ्या हातात तारा.

अयूब इंजिनाजवळ बसणार होता. नट रंगमंचावर. पुढे काय येणार हे पुस्तक बघून सांगू शकणारा, आणि पेटीशेजारी बसणारा, एकच माणूस होता. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी पुस्तकात पेन्सिलने खुणा केल्या. लढाई: खटका, उजवीकडे पूर्ण. राजवाडा: मध्ये. विलाप: शेवटच्या अंकात, डावीकडे, पण किती, ते लिहिता आलं नाही.

रात्रभर मी एका बोटाने ओळी पकडून ठेवल्या आणि दुसऱ्या हाताने बटण. लढाईला खटका टाकला तेव्हा पुढच्या रांगेतली माणसं मागे सरकली. पण ते काही नाही.

विलाप आला तेव्हा उजाडत होतं. नदीवरून धुकं वावरात उतरलं होतं. उरलेली माणसं दवाने भिजलेल्या तणसीवर बसून होती. राणीची भूमिका शालिकराम करायचा. तो मध्यभागी येऊन उभा राहिला. मंगरूने पहिला सूर काढला. मी बटण डावीकडे नेऊ लागलो, अगदी थोडं, मग आणखी थोडं. एका जागी माझी बोटं आपोआप थांबली. तो आवाज पेटीतून येत नव्हता. तो धुक्यातून, माणसांच्या आतून, कुठून तरी फार लांबून येत होता, आणि तरी माझ्या तळहाताखाली होता. जाळीतल्या तांबूस नळ्या उजेडात फिक्या पडत चालल्या होत्या. मी पुस्तकाकडे बघायला विसरलो. शालिकराम पुढचं वाक्य विसरून माझ्याकडे बघत होता. मी दिलं नाही. त्याने नुसतं तोंडावर पदर घेतला आणि उभा राहिला. मंगरू वाजवत राहिला. मागच्या रांगेत कोणी खोकलंही नाही.

ती जागा नंतर कितीतरी नाटकांत मी शोधली. कधी सापडली, कधी नाही.

पडदा पडल्यावर बापूजी मागे आले. म्हणाले, "मास्तर, तुमी राणीले वाक्य देल्लं नाई."

"चूक झाली, बापूजी."

"पुढंही नका देऊ." मग ते मंगरूकडे वळले. "मंगरूभाऊ, कंपनीची गाडी उद्या पवनीच्या पटाले जाते. पेटी आपल्या हातानं ठेवा, दुसऱ्या कोनाले हात लावू देऊ नका."

मंगरूने मान हलवली. तो वावरात उतरला, माणसं उठून गेलेल्या जागेवरची सुकी तणस काखेत धरून आणली आणि गाडीत जाड अंथरली. मग पेटीवर घोंगडी टाकली, आणि गाठ मारायला मला हाक मारली.