तुम्ही दमलात!

आमच्या ह्यांचं एक बरं आहे, खोटं बोलता येत नाही. म्हणून अडचणीत आले की गप्प बसतात. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाला गप्प बसायची सवय असतेच म्हणा.

साठी उलटलेल्या जोडप्यांची सायकल शर्यत असते, तिच्यात आम्ही दरवर्षी उतरतो. एकच लांब सायकल, पुढच्या सीटवर हे, मागे मी. गेल्या वर्षी माझ्या गुडघ्यांनी दगा दिला आणि चढावर उतरून चालावं लागलं. चारचौघांत रडले मी. यंदा मात्र सराव सुरू केला आणि काय सांगू, चढावर सायकल सुसाट! माझे पाय नुसते गरागरा फिरत होते. मग काय, भेटेल त्याला ऐकवत सुटले, "म्हातारीच्या पायांत अजून दम आहे बरं!" हे शेजारी उभे राहून हसायचे.

त्या दुपारी डबा द्यायला दुकानात गेले. हे डोळ्याला भिंग लावून बसलेले. चिमट्यातला बारीकसा स्क्रू खाली पडला. उचलला, परत पडला. ह्यांच्या हातून स्क्रू निसटताना मी कधी पाहिला नव्हता.

"थांबा, मी शोधते," म्हणत चष्म्याचं घर उघडलं. आमच्या दोघांची घरं सारखीच, घाईत ह्यांचंच उचललं. आत चष्मा नव्हता. गोळ्यांची पट्टी होती, अर्धी रिकामी.

"हे काय?"

गप्प.

"अहो, मी भिंतीशी बोलतेय का?"

"जिममधल्या पैलवानानं दिल्यात. जोर येतो."

"बीपी असताना? डॉक्टर काय म्हणाले होते? आणि ही लबाडी नाही का?"

"शरीर माझं आहे ना? मग त्यात काय घालायचं ते मी ठरवीन. मी काही कुक्कुलं बाळ नाही."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "तुमचं शरीर, मान्य! ते कोसळलं की हॉस्पिटलात उशाशी कोण बसणार, तुमचा पैलवान? शर्यत जिंकून कुठलं राज्य मिळणार आहे हो?"

ह्यांनी भिंग काढून ठेवलं.

"जिंकायचंय कुणाला? गेल्या वर्षी तू रडलीस ना, ते बघवलं नाही. म्हटलं, तू नुसते पाय ठेव, दोघांचं मी ओढतो."

मी खालीच बसले. त्या सायकलचे पुढचे-मागचे पायडल साखळीनं जोडलेले असतात. एकानं जोर लावला की दुसऱ्याचे पाय आपोआप फिरतात. हे काय मला माहीत नव्हतं? पण स्वतःचं कौतुक ऐकताना अक्कल गहाण पडते.

"म्हणजे माझ्या पायांत दम नव्हताच?"

"थोडा होता," हे म्हणाले.

राग आला, रडू आलं, आणि ह्या माणसावर इतकी माया दाटून आली की या वयात काय लपवायचं! ती पट्टी गटारात फेकावी असं फार वाटलं. पण फेकली नाही. परत चष्म्याच्या घरात ठेवली आणि ते घर ह्यांच्या हातात दिलं.

"तुमचं शरीर तुमचं. पण माझं म्हातारपणही माझंच आहे हो, ते माझ्यापासून लपवू नका. चालायचं तर चालेन, रडायचं तर रडेन. पुढची सीट रिकामी झाली तर मात्र मी काय करू? ठरवा तुम्ही."

ह्यांनी ते घर खिशात टाकलं आणि भिंग पुन्हा डोळ्याला लावलं. शर्यतीच्या सकाळीही मी विचारलं नाही. जीभ वळवळत होती, पण ठरवायचं ह्यांच्यावर सोडलं होतं. मागच्या सीटवरून ह्यांची फक्त पाठ दिसते, तोंड दिसत नाही. पाठीवरून काय कळणार, कपाळ! सपाट रस्त्यावर सगळेच पळतात. माझा जीव त्या चढात अडकला होता. सायकल सुसाट निघाली, तर समजायचं काय ते.

चढ आला. सायकलचा वेग कमी झाला. आणखी कमी झाला. एक जोडपं पुढे गेलं, मग दुसरं. कुत्र्याला फिरवणारी एक बाईसुद्धा आमच्या पुढे गेली. ह्यांची पाठ घामानं भिजली होती, खांदे वरखाली होत होते. माझे गुडघे ठणकत होते आणि मला हुंदका फुटला.

"काय गं? गुडघा?"

"नाही हो," मी ओरडले, "तुम्ही दमलात!"

"दमलो गं," हे धापा टाकत म्हणाले, "अगदी दमलो."

लग्न झाल्यापासून इतकं गोड हे माझ्याशी कधी बोलले नव्हते.