सलाईनच्या बाटलीतलं पेट्रोल

त्र्याहत्तरच्या डिसेंबरात तिसगावात अशी थंडी पडली होती, की बाजारतळावरची माणसं उन्हाचा पट्टा सरकेल तशी सरकत बसायची. त्या दिवसांत पहाटे पेठेला जाग यायची ती डॉक्टर भापकरांच्या अँबॅसिडरच्या आवाजानं. भिमाजी साळवेनं चोक ओढून किल्ली फिरवली, की गाडी जी ओरडायला लागायची ती थांबायचं नाव घेत नसे. थंडीत इंजिन थोडा वेळ ओरडतंच, ते भिमाजीलाही ठाऊक होतं. पण गरम झाल्यावर, चोक आत ढकलल्यावर, त्यानं खाली यायला हवं. ही गाडी पाथर्डीला जाऊन आली, रेडिएटरवर हात ठेववेना इतकी तापली, तरी उभ्या जागी तशीच ओरडत राहायची आणि मागून काळा धूर सोडायची.

भिमाजी चाळिशीचा होता. मुळा धरणाच्या कामावर त्यानं आठ वर्षं डंपर चालवला होता, आणि डंपर बंद पडला की मिस्त्रीची वाट न बघता स्वतः खाली घुसायचा. धरणाचं काम उरकलं तेव्हा तिसगावला परतला. डॉक्टर राधाकृष्ण भापकरांना खेडोपाडी फिरायला ड्रायव्हर हवा होता. बौद्धवाड्यातल्या माणसाच्या हाती गाडीची किल्ली दिली म्हणून पेठेतल्या चार जणांनी नाकं मुरडली, पण डॉक्टरांनी तिकडे लक्ष दिलं नाही. डॉक्टरांचं ते वागणं भिमाजीनं मनात जपलं होतं. म्हणूनच पुढे जे झालं ते त्याला जास्त लागलं.

दसऱ्याच्या सुमाराला गाडीची चोकची तार तुटली. डॉक्टरांचे मेहुणे कानिफराव घरातला आणि दवाखान्याचा वरचा सगळा व्यवहार बघायचे. त्यांनी गाडी नगरच्या एका गॅरेजात नेऊन तार बदलून आणली आणि येताच बजावलं, "भिमाजी, गॅरेजवाल्यानं वर्षाची हमी दिलीय. बॉनेटला तू हात लावायचा नाहीस. हात लावलास की हमी गेली."

आठ दिवसांनी भिमाजी त्यांना म्हणाला होता, "कानिफराव, गाडी गरम झाल्यावर बी रेस उतरत न्हाई. एकदा बघू का उघडून?"

"तार नवी आहे. उतरेल."

महिन्यानं त्यानं पुन्हा विचारलं. पुन्हा तेच उत्तर मिळालं.

मग पेट्रोलचे भाव एकदम भडकले. आधी ज्याच्याकडे कुणी बघत नव्हतं ते आता घराघरांत बोलायचा विषय झालं. कानिफरावांनी गाडीची वही उघडली. पूर्वी लिटरला दहा किलोमीटर जाणारी गाडी आता जेमतेम सहा जात होती. कानिफरावांनी जास्त विचार केला नाही.

सकाळचे नऊ वाजले होते. दवाखान्याच्या ओट्यावर पंधरा-वीस पेशंट बसलेले. भिमाजी गाडी पुसत होता. कानिफरावांनी त्याला ओट्यासमोर बोलावलं आणि सगळ्यांच्या देखत विचारलं, "पेट्रोल कुठं विकतोस रे?"

भिमाजीला आधी कळलंच नाही. "काय म्हनालात?"

"शंभर किलोमीटरला गाडी पिते दहा लिटर आणि वहीत लागतात सोळा. वरचं सहा लिटर कुठं जातं? लोक म्हणत होते तेच खरं. तुमच्यातल्या माणसाला किल्ली द्यायलाच नको होती."

ओट्यावर खोकणाऱ्या माणसानंही खोकला धरून ठेवला. आवाज ऐकून डॉक्टर बाहेर आले. गळ्यात स्टेथोस्कोप, हातात कुणाची तरी चिठ्ठी. ते मनानं वाईट नव्हते. त्यांना भांडण नको असायचं, एवढंच.

"भिमाजी," ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "महागाई सगळ्यांनाच आहे. मी काही पोलिसांत जात नाही, कामावरूनही काढत नाही. चूक झाली एवढं म्हण आणि कामाला लाग. मी माफ केलं."

भिमाजीच्या हातातलं फडकं ओलं होतं. त्यातून पाणी त्याच्या पायावर गळत होतं.

"झालीच न्हाई तर म्हनू कशी, डॉक्टरसाहेब?"

"अरे, हे म्हणतात म्हणून..."

"ह्यांनी म्हटल्यावर तुमी इच्यारलं न्हाई. एकदम माफच केलं." त्याचा आवाज चढला नव्हता, पण ओट्यावरच्या शेवटच्या माणसाला ऐकू जात होता. "मला माफी नको. ज्यानं चोरलं त्याला द्या. मी चोरलं न्हाई."

कानिफराव पुढे झाले. "तोंड बघा केवढं! किल्ली ठेव इथं आणि चालू लाग."

भिमाजीनं खिशातली किल्ली काढली, तळहातावर ठेवली आणि मूठ मिटली.

"किल्ली उद्या देतो. उद्या सकाळी गाडी पेट्रोल कुटं घालती ते तुमाला दोघांना दावतो, मग देतो. गाडी हितंच हाय, दारात. मी कुटं घिऊन जात न्हाई. पर आज किल्ली दिली तर चोर म्हनून दिल्यासारखं व्हईल."

एवढं बोलून तो वळला आणि चालू लागला. पाठीमागे कानिफराव काय म्हणत होते ते त्यानं ऐकलं नाही. 

घरी रंगुबाई अंगणात बाजरी पाखडत होती. नवरा भर सकाळी घरी आलेला बघून तिनं सूप खाली ठेवलं. त्यानं झालं ते सांगितलं. 

"मग माफी मागितली का तुमी?" शेवटी तिनं विचारलं.

"न्हाई."

"मागू बी नका. आज पेट्रोल म्हनले, उद्या दवाखान्यातलं काय बी गेलं तर तुमचंच नाव निघंल." मग जरा थांबून म्हणाली, "पर उद्या दावनार काय तुमी? नुसतं बोलून आलाव?"

तेच भिमाजीला खात होतं. गाडी पेट्रोल जास्त खाते हे त्याला माहीत होतं, पण लोकांना कसं दाखवायचं? टाकीत किती होतं आणि किती उरलं, यावर कानिफराव हजार शंका काढतील. दुपारभर तो भिंतीला टेकून बसला. धरणावर असताना एका मिस्त्रीनं पंपाची नळी काढून डब्यातून सरळ इंजिनाला डिझेल लावलेलं त्याला आठवलं. टाकीच नको मधे. मोजून घेतलेलं पेट्रोल सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असलं की झालं. आणि मोजायला दवाखान्यात रेघा मारलेल्या काचेच्या बाटल्या होत्याच.

दुसऱ्या दिवशी तो सात वाजता दवाखान्यासमोर हजर झाला. अंगावर धुतलेला सदरा, खिशात पाना आणि पक्कड. डॉक्टर दाढी करत होते. ते तोंडावर साबण तसाच ठेवून खिडकीशी आले.

"साहेब, एक सलाईनची रिकामी बाटली द्या आन् लांब रबरी नळी. पेट्रोल तुमच्याच हातानं भरा."

डॉक्टरांनी बाटली दिली. बहुतेक त्यांनाही रात्री बरी झोप लागली नसावी. कानिफराव मफलर गुंडाळून आले ते "काय तमाशा लावलाय" असं पुटपुटतच. भिमाजीनं गाडी सुरू केली, ती नेहमीसारखी ओरडली. ती चांगली गरम होईपर्यंत त्यानं बाजारतळाला दोन चकरा मारल्या. मग इंजिन बंद करून त्यानं बॉनेट उघडलं.

"हमी..." कानिफराव म्हणाले.

"गेली तर जाऊ द्या. माझी अब्रू गेली, तिची कुनी हमी दिल्ती का?"

त्यानं कार्बोरेटरला येणारी पेट्रोलची नळी सोडवली आणि तिथं रबरी नळी बसवली. पेट्रोलनं ती नळी फुगणार होती, पण तासाभराला पुरली असती. डॉक्टरांनी डब्यातून बाटलीत बरोबर अर्धा लिटर पेट्रोल ओतलं. नळी बॉनेटच्या फटीतून काढून डाव्या खिडकीतून आत घेतली आणि तिचं दुसरं टोक बाटलीत सोडलं.

"कानिफराव, तुमी पुढं बसा. बाटली तुमच्याच हातात ऱ्हाऊ द्या, छातीपाशी धरा. माझा हात लागला असं नको."

कानिफरावांना नाही म्हणता येईना. ओट्यावर पेशंट जमायला लागले होते. पहिल्या ओळीत बसलेली म्हातारी बनुबाई मोठ्यानं म्हणाली, "बसा की! काल लई बोलत हुता." कानिफराव बसले. डॉक्टर मागे बसले. भिमाजीनं कार्बोरेटरकडचं नळीचं टोक काढून तोंडात धरलं, पेट्रोल ओढलं, थुंकला, नळी परत जोडली आणि गाडी करंजीच्या रस्त्याला काढली.

एसटी स्टँडपुढच्या किलोमीटरच्या दगडापासून मोजायला सुरुवात झाली. भिमाजीनं गाडी सावकाश, एका चालीनं हाकली.  पहिला दगड गेला. कानिफराव बाटलीकडे बघत होते. तेवढ्यात पेट्रोल दोन रेघा खाली गेलं होतं. दुसरा दगड गेला. पेट्रोलच्या वासानं कानिफरावांनी मफलर नाकाला लावला. तिसरा दगड मागे पडला, बाटलीत बुडबुडे आले, गाडीनं दोन गचके दिले आणि ती बाभळीखाली थांबली.

"तीन," डॉक्टर म्हणाले. "म्हणजे लिटरला सहा."

"टाकीतलं न्हाई, साहेब. तुमच्या हातानं भरलेलं, ह्यांच्या हातातलं. आता मी कुटं इकलं ते इच्यारा ह्यांना."

कानिफरावांनी रिकामी बाटली मांडीवर ठेवली.

"मग जातं कुठं?" डॉक्टरांनी विचारलं.

"तेच बघायचं हाय." भिमाजी उतरला. त्यानं डिकीत ठेवलेल्या डब्यातून बाटलीत थोडं पेट्रोल भरून घेतलं, गाडी चालू केली. उभी गाडी ओरडत होती, चोक पूर्ण आत असूनही. तो बॉनेटमध्ये वाकला. कान देऊन ऐकायला लागला, आणि डॉक्टरांना आपण छाती तपासतो तेव्हा कसे दिसत असू याची अंधुक कल्पना आली. भिमाजीनं कार्बोरेटरच्या बुडाशी बोटं नेली. तिथं एक पितळी जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक नळी असते. चोक ओढला की ती खाली उतरते आणि पेट्रोल जास्त सोडते; त्याच कडीनं रेसही थोडी उघडते. चोक ढकलला की तिनं वर जायला हवं. ही खाली लोंबकळत होती.

त्यानं तारेचा स्क्रू सैल केला आणि दोन बोटांनी जेट वर दाबली.

इंजिनाचा आवाज एकदम खाली आला. इतका, की बाभळीवरचे होले ऐकू यायला लागले. धूर थांबला. त्यानं बोटं काढली; जेट पुन्हा उतरली, गाडी पुन्हा ओरडली. पुन्हा दाबली, पुन्हा शांत.

"डॉक्टरसाहेब, हितं बोट लावा. तुमीच दाबून बघा."

डॉक्टरांनी कोटाची बाही वर केली, वाकले, जेट दाबली. गाडी शांत झाली. त्यांनी ते तीनदा केलं.

"नवी तार आखूड हाय," भिमाजी म्हणाला. "दांडा आत गेला तरी तार तानलेलीच. वर वढनारी स्प्रिंग हुती, ती गॅरेजवाल्यानं काढली आन् बसवलीच न्हाई. दसऱ्यापासनं गाडी चोकवरच पळतीया. थंडीतला चोक दिवसभर. म्हनून ओरडती, म्हनून पिती. मी दोनदा सांगितलं हुतं."

"दोनदा?" डॉक्टरांनी मेहुण्याकडे बघितलं. "कानिफ, हा तुला बोलला होता?"

कानिफरावांनी मफलर सारखा केला. मग म्हणाले, "बोलला असेल."

"असंल न्हाई," भिमाजी म्हणाला. "बोलल्तो."

"बोलला होता," कानिफराव म्हणाले.

भिमाजीनं कडीचा स्क्रू सरकवून तारेला ढील दिली, डिकीतल्या जुन्या सामानातून एक स्प्रिंग शोधून अडकवली. डॉक्टर म्हणाले, पुरे झालं, आता परत जाऊ. पण भिमाजी ऐकेना. "अर्धंच दावलं म्हनाल. पुन्हा अर्धा लिटर भरा." भरलं. ह्या खेपेला तिसरा दगड गेला तेव्हा बाटली निम्मी होती. पाचवा गेला, तेव्हा तळाशी बोटभर उरलं होतं.

टाकीची नळी पुन्हा जोडून परतले तेव्हा ऊन वर आलं होतं आणि ओटा भरला होता. डॉक्टर घाईनं आत निघाले. भिमाजी पायरीपाशी उभा राहिला.

"साहेब, काल हितंच बोलला हुतात. आज आत जाऊन नका बोलू."

डॉक्टर पायरीवरच थबकले. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. एवढ्या माणसांपुढे त्यांनी आजवर औषधाचं सोडून काही सांगितलं नव्हतं. ते वळले.

"भिमाजीनं पेट्रोल चोरलं नाही," ते म्हणाले. "गाडीत बिघाड होता. तो सांगत होता आणि आम्ही ऐकलं नाही. चूक आमच्या घरची आहे."

कानिफराव मागच्या दारानं घरात गेले. त्यानंतर कित्येक महिने ते भिमाजीशी बोलले नाहीत. काही हवं असलं तर दुसऱ्याकडून निरोप यायचा. भिमाजीलाही त्याचं काही वाटलं नाही.

त्या सकाळी त्यानं किल्ली पायरीवर ठेवली. "बोलल्यापरमानं किल्ली दिली. आता मला ठेवायचं असंल तर एक सांगतो. गाडीचं काय दुखतं ते मी सांगितलं, तर ऐकून घ्यायचं. ते जमत न्हाई तर दुसरा ड्रायव्हर बघा."

डॉक्टरांनी खाली वाकून किल्ली उचलली आणि त्याच्या हातावर ठेवली. हलक्या आवाजात म्हणाले, "ठरलं. झालं गेलं विसरून जा, भिमाजी."

"इसरायचं काय जमनार न्हाई, साहेब," भिमाजी म्हणाला. "गाडी चालवायचं जमंल."

तेवढ्यात मिरीहून सायकलवर एक माणूस आला. त्याची बायको रात्रीपासून बाळंतपणात अडली होती. डॉक्टर बॅग आणायला आत धावले. भिमाजीनं गाडी वळवून रस्त्याला लावली. डॉक्टर येऊन मागच्या ऐवजी पुढच्या सीटवर बसले, आणि गाडी मिरीच्या रस्त्याला लागली.