वैरी न चिंती

“माय, पाणी निवलं की समदं. घालतीस का न्हाई?”

वर्षाराणीनं न्हाणीच्या दारातून पुन्हा विचारलं. आत सिंधूबाई पाटावर पाय लांब करून बसली होती. पदर खोचलेला, एका बाजूला तेलाची वाटी, दुसऱ्या बाजूला साय आणि डाळीचं पीठ. तयारी सगळी झाली होती, पायांवर बाळ तेवढं नव्हतं. तिनं बादलीत पुन्हा एकदा कोपर बुडवून पाहिलं आणि पदराला पुसलं.

“आज अंग कणकण करून राहिलंय बाई,” ती म्हणाली. “ओल्या फडक्यानं पुसून घे. उद्या बघू.”

“काल बी हेच म्हनलीस.”

सिंधूबाईनं पाट उचलून भिंतीला लावला आणि चांगलं तापवून निवलेलं पाणी तुळशीच्या बुडाशी ओतलं.

दुसऱ्या कुणाची आई असती तर गोष्ट वेगळी. पण सिंधूबाईचा धंदाच बाळांना न्हाऊ घालण्याचा. नवरा शेषेराव गेला तेव्हा वर्षाराणी रांगत होती. सासूकडून शिकलेली ही एकच विद्या हाताशी होती. तिच्यावर तिनं लेक वाढवली, शिकवली आणि नायगावच्या चांगल्या घरात दिली. अर्धं अहमदपूर तिच्या पायांवरून गेलंय म्हटलं तरी चालेल. कुणाची सून बाळंत झाली की पेढ्यांच्या आधी सिंधूबाईला निरोप जाई. आज चौकातल्या फ्लेक्सवर गॉगल लावून हात जोडणारे दोन-तीन युवा नेते तिच्या पायांवर पालथे पडून बोंबललेले आहेत. ती त्यांना भर रस्त्यात अजून “ए ढेऱ्या” म्हणून हाक मारते आणि ते निमूट ऐकून घेतात.

अशी बाई. आणि उन्हाळ्यात एक दिवस, एका व्यापाऱ्याच्या घरी, तिच्या हातात तांब्या होता, पायांवर गोरंगोमटं पोर पालथं होतं आणि एकाएकी तिच्या डोक्यात आलं, हे पाणी असंच त्याच्या नाकातोंडावर धरलं तर?

बाळ कसंबसं दुपट्यात गुंडाळून तिनं आईच्या हाती दिलं आणि कंबर धरल्याचं सांगून घर गाठलं. वाटलं, ऊन लागलं असेल. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या घरी पुन्हा तेच. मन चिंती ते वैरी न चिंती, असं म्हणतात खरं. पण ते म्हणतात घरी यायला उशीर झालेल्या माणसाची काळजी करणाऱ्याला. आपलंच मन आपल्याच हाताला असलं काही सुचवेल, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. आपल्यात कुणी राक्षसीण दडून बसली आहे, अशी तिची खात्रीच झाली. माळेगावच्या खंडोबाला नवस बोलून झाला. बोलावणी येत होती त्यांना कंबरेचं निमित्त सांगून झालं. आणि अशात लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली.

नातू झाला आणि त्या विचाराला ऊतच आला. सिंधूबाईनं विळी माळ्यावर टाकली आणि कात्री शेजारी देऊन टाकली. पाळण्याजवळून जाताना ती दोन्ही हात पाठीमागं धरून जाई. बाळ रडलं की जीव तिळतिळ तुटायचा, पण उचलायला लेकीलाच हाक मारायची. लेकीला वाटलं, मायला कौतुकच नाही.

त्या दिवशी पाट भिंतीला लागला तसा वर्षाराणीचा बांध फुटला.

“जगाची लेकरं न्हाऊ घातलीस,” ती म्हणाली, “माझंच जड झालं व्हय गं तुला? काय वाकडं केलं त्यानं तुझं?”

हे मात्र सिंधूबाईला सोसलं नाही. तिनं दाराला कडी घातली आणि खाली बघत सगळं सांगून टाकलं. तांब्याचं सांगितलं, विळीचं सांगितलं. सांगून झाल्यावर लेक पोराला छातीशी धरून बाहेर पळेल, अशी तिनं मनाची तयारी केली होती. पण वर्षाराणीनं बाळ पाळण्यात ठेवलं आणि आईचं डोकं आपल्या कुशीत घेतलं.

“येडे, एवढं एकटीनं काढलंस?”

दोघी पोटभर रडल्या. मग वर्षाराणीनंच मोबाइलवर शोधून लातूरच्या एका मनाच्या डॉक्टरीणबाईंचं नाव काढलं.

“कुणाला कळू देऊ नको गं,” सिंधूबाई म्हणाली. “गावात तोंड दाखवाया जागा ऱ्हायची न्हाई मला.”

“तुझ्या-माझ्यात ऱ्हाईल, माय.” तिनं झोपलेल्या बाळाच्या टाळूवर हात ठेवला. “ह्याची आण.”

लातूरला दोघी एसटीनं गेल्या. बाळ अर्थात वर्षाराणीच्या मांडीवर. डॉक्टरीणबाई वयानं लेकीएवढ्याच होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही भुवई उचलली नाही, आणि विचारलं, “मावशी, हे करावंसं वाटतं का कधी?”

“देवा! न्हाई वो. म्हनून तर मेल्यावानी झालंय.”

“ज्याला करायचं असतं तो असा घाबरत नाही. हा आजार आहे. जुने लोक मंत्रचळ म्हणायचे, आम्ही ओसीडी म्हणतो. कुणी पुन्हा पुन्हा हात धुतं, कुणी कुलूप ओढून बघतं, कुणाला असले विचार येतात. वाईटसाईट विचार सगळ्यांनाच येतात हो, मलाही येतात. येतात आणि जातात. तुमचे जात नाहीत, एवढाच फरक.”

“कामून जात न्हाईत?”

डॉक्टरीणबाईंनी स्वतःच्या कपाळावर बोट टेकवलं. “इथं मागं मेंदूचा एक भाग असतो. त्याचं काम चूक हुडकायचं, धोका दाखवायचा. आणि खाली, आत खोल, दुसरा भाग असतो. तो म्हणतो, पाहिलं, सगळं ठीक आहे, पुढं चला. तुमच्यात हा आतला भाग ठीक आहे असं म्हणतच नाही. मग तोच निरोप गोल गोल फिरत राहतो. एसटीनं आलात ना? सगळे चढलेत, दार लागलंय, रस्ता मोकळा आहे, पण कंडक्टर डबल बेल मारत नाही. मग ड्रायव्हर काय करील?”

“बसून ऱ्हाईल.”

“तसं झालंय.”

सिंधूबाईनं जरा विचार केला. “मंग बेल कव्हा वाजायची?”

“गोळीनं थोडी सुधारेल. बाकी, बेल वाजली नाही तरी गाडी हाकायला शिकायचं. म्हणजे विचार आला तर येऊ द्यायचा आणि बाळाला न्हाऊ घालायचं.” मग त्या वर्षाराणीकडे वळल्या. “बाळ यांच्यापासून लांब ठेवू नका. लांब ठेवलं की मेंदूला वाटतं, धोका खरा होता. यांच्याकडून बाळाला काही होणार नाही, हे मी तपासून सांगतेय. कळलं?”

“हाव, मॅडम,” वर्षाराणी म्हणाली. तिनं दोन-चार प्रश्नही विचारले, अगदी शहाण्यासारखे. सिंधूबाईला लेकीचा अभिमान वाटला. आपण ही पोर शिकवली त्याचं चीज झालं, असं तिच्या मनात आलं.

त्याच आठवड्यात सिंधूबाईनं पाट मांडला. बाळ पायांवर घेतलं. तांब्या उचलला आणि तो विचार आलाच, वेळेवर, बोलावल्यासारखा. तिनं त्याला येऊ दिलं. हात चालू ठेवला, पाठीवरून पाणी सोडलं, मानेखालच्या वळ्या चोळल्या. बाळ आधी बोंबललं, मग सुस्तावलं, आणि पुसून होईस्तोवर झोपलंसुद्धा. वर्षाराणी टॉवेल घेऊन न्हाणीच्या उंबऱ्यावर बसली होती. मग रोजच ती तिथं बसू लागली. गोळीनं सिंधूबाईचं तोंड कोरडं पडे, पण विचाराचा जोर हळूहळू कमी झाला. अधूनमधून ती गाणंही गुणगुणू लागली. लेक समोर बसलेली आहे, ह्याचा तिला केवढा तरी आधार वाटे.

बारसं सव्वा महिन्यानं झालं. नायगावहून विहीणबाई गाडीभर बायका घेऊन आल्या. सिंधूबाईनं जावयानं, दयानंदनं, घेतलेली नवी साडी नेसली होती. पाळण्याला फुगे लावले होते. बायका दोन्ही अंगांना उभ्या राहिल्या आणि बाळ एकीच्या हातातून दुसरीच्या हातात, पाळण्याच्या वरून एकदा, खालून एकदा, असं फिरू लागलं.

“गोविंद घ्या कुणी, गोपाळ घ्या!”

बाळ फिरत फिरत विहीणबाईंकडे आलं. समोर सिंधूबाई होती. तिनं दोन्ही हात पुढं केले.

विहीणबाईंनी बाळ छातीशी घेतलं आणि बाजूच्या भाचीच्या हाती दिलं. “ऱ्हाऊ द्या विहीणबाई, तुमी बसा. लई दगदग झाली तुमाला.”

शब्दांत काही वावगं नव्हतं. पण त्या सिंधूबाईच्या तोंडाकडे पाहत नव्हत्या, तिच्या हातांकडे पाहत होत्या. नायगावच्या बायकांचं हसणं एकदम थांबलं. शेजारची साक्षी सातव्या महिन्यात होती, बाळाला न्हाऊ घालायचं तिनं सिंधूबाईला आधीपासून सांगून ठेवलं होतं. नायगावच्या बायकांची कुजबुज कानी गेल्यासारखा तिनंही पोटावर पदर ओढून घेतला. सिंधूबाईचे हात पाळण्यावर तसेच राहिले. तिनं लेकीकडे पाहिलं. वर्षाराणी फुग्याची सुटलेली गाठ बांधत होती.

आत स्वयंपाकघरात घुगऱ्या काढताना दोघींची गाठ पडली.

“कुणाला सांगितलंस?”

वर्षाराणीनं आढेवेढे घेतले नाहीत. “ह्यांना. नवऱ्यापासून काय लपवायचं? ह्यांनी मग त्यांच्या मायला, अत्याबाईंना सांगितलं.”

“अन् डाक्टरीण काय म्हनली ते?”

“ते बी सांगितलं. त्या म्हनल्या, डाक्टरचं काय जातंय, लेकरू तिचं हाय का?”

“अन् तुला काय वाटतंय?”

वर्षाराणी घुगऱ्यांत डाव फिरवत राहिली. बाहेर बायका पाळणा म्हणू लागल्या होत्या.

“मला समदं कळतंय माय,” ती शेवटी म्हणाली. “मेंदूचं, आजाराचं, समदं. पन तू न्हाऊ घालायचीस तवा मी उंबऱ्यावर बसायची ना, ते तुला सोबत म्हनून न्हाई बसायची. झेप घ्यायला जवळ असावं म्हनून बसायची.”

परक्यानं गळा कापला असता तर सिंधूबाईनं आरडाओरडा केला असता, हा केसानं कापलेला होता. रोज सकाळी गाणं म्हणत होती ती कुणासमोर, हे तिला आत्ता समजलं. त्या डोक्यातल्या विचारानंसुद्धा तिला असं फसवलं नव्हतं. तो निदान तोंडावर येऊन उभा राहत होता.

तिसरा महिना लागेपर्यंत लेक राहणार असं ठरलं होतं. जेवणं झाल्यावर विहीणबाई म्हणाल्या की आलोच आहोत तर घेऊन जातो, नायगावात न्हाऊ घालायला एक चांगली बाई ठरवली आहे. दयानंदनं सासूकडे न बघता बॅगा गाडीत टाकल्या. बाळ विहीणबाईंच्या मांडीवर, मागच्या सीटवर, काचा वर, एसी चालू. वर्षाराणी वाकून पाया पडली. सिंधूबाईनं तिच्या डोक्यावर हात ठेवला, कारण हात ठेवायचा असतो.

“थांबा जरा,” ती म्हणाली. “दृष्ट काढल्याबिगर लेकरू नेऊ नये.”

आतून ती मुठीत मीठ, मोहऱ्या आणि लाल मिरच्या घेऊन आली. विहीणबाईंनी काच खाली केली नाही. पण गाडी सोडायलाही सांगितलं नाही, रीत ती रीत. सिंधूबाईनं बंद काचेवरूनच मूठ ओवाळली. आत बाळ झोपेत ओठ चोखत होतं.

“आल्या-गेल्याची, सोयऱ्या-धायऱ्याची, घरच्याची, दारच्याची…” इथं ती नेहमी थांबत असे. आज थांबली नाही. “आजीची.”

गाडीच्या दाराला धरून उभी असलेली वर्षाराणी म्हणाली, “नको गं माय.”

“समद्यांची जळून जाऊ दे,” सिंधूबाईनं पुरं केलं. “बस आता. उशीर हुईल.”

गाडी वळणाआड गेली. अंगणातल्या चुलीत सकाळचा विस्तव अजून होता. तिनं तो फुंकून फुलवला आणि मूठ त्यात टाकली. दृष्ट लागलेली असली तर मिरच्या कितीही जळोत, ठसका येत नाही, असं म्हणतात. लागलेली नसली, तरच नाकातोंडात झणझण जाते. मोहऱ्या तडतडल्या, मिरच्या काळ्या पडल्या आणि तिखट धुराचा असा काही खाट उठला की शेजारणीनं धाडकन खिडकी लावून घेतली. सिंधूबाईला खोकल्याची उबळच आली. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. ती चुलीपासून हलली नाही. खोकत खोकत तिथंच उभी राहिली, आणि ते बघायला अंगणात दुसरं कुणी नव्हतं.