सातवं तळघर

आमच्या ग्रुपमध्ये एकशे बारा माणसं होती आणि त्यातल्या एकालाही दुसऱ्याचं म्हणणं सहजासहजी पटत नसे. ग्रुपचं नाव ‘चौकटीची वही’. जुन्या काळच्या गेममध्ये नकाशा आयता मिळत नसे. तो आपला आपण गणिताच्या वहीत काढायचा. एक चौकट म्हणजे एक पाऊल, आडवी रेघ म्हणजे दार, फुली म्हणजे खड्डा. तरुणपणी अशा वह्याच्या वह्या भरलेली, आता पन्नाशीच्या आसपास आलेली आम्ही मंडळी. कुणी ड्रायव्हर, कुणी नर्स, मी चष्मेवाला. चार जणांच्या एका छोट्या कंपनीने अगदी तसाच, तलवारी-जादूगारांचा, जुन्या धाटणीचा गेम लोकवर्गणीतून काढायचं ठरवलं. आम्ही ऐपतीप्रमाणे वर्गणी भरली आणि दुसऱ्या दिवसापासून मालक असल्यासारखे भांडायला लागलो.

कुणाला गेममध्ये बरोबर लढणारे सोबती सहाच हवे होते, चार म्हणजे पोरखेळ. कुणाला लढाई पाळीपाळीनेच हवी होती. आपण विचार करत असताना राक्षसाने गुमान उभं राहायचं. कुठे जायचं ते दाखवणारे बाण नकोत, यावर मात्र सगळ्यांचं एकमत होतं. मेलेला सोबती मेलाच पाहिजे की देवळात नेऊन जिवंत करता आला पाहिजे, यावर तीन आठवडे वाद चालला आणि दोन माणसं ग्रुप सोडून गेली. प्रत्येक गेममध्ये कुलपं उघडणारी चोर व्हायची म्हणून एका नर्सबाईचं नाव ‘कुलूपवाली’ पडलं होतं. तिचं आणि माझं तर कधीच पटलं नाही. तिला गेम जगातल्या सगळ्यांसाठी हवा होता, मला आमच्यासाठी.

दादा ग्रुपमध्ये कधी लिहीत नसे. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, शिंपी. त्याचं दुकान माझ्या दुकानाला लागून, मधली भिंत एकच. सकाळी शटर वर केलं की तो माझ्याकडे चहाला यायचा आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसून विचारायचा, “काय म्हणतायत तुझे सरदार?” मी वाचून दाखवायचो, तो हसायचा. त्याचं मागणं एकच होतं.

“मला तळघर हवं,” तो म्हणायचा. “खोल. उतरताना पोटात गोळा आला पाहिजे. बाकी तुम्ही काय वाट्टेल ते करा.”

वीस वर्षांपूर्वी एका सेकंडहँड कॉम्प्युटरवर आम्ही दोघांनी मिळून जो गेम संपवला, त्यातली तळघरं दादानेच काढली होती. शिंप्याचा हात, रेघ कधी वाकडी जायची नाही. तेव्हापासून तसं काही खेळायला मिळालं नाही ही त्याची खंत होती, आणि तो ती बोलून दाखवायचा. हा नवा गेम मला माझ्यासाठी हवा होता हे खरंच, पण त्याहून जास्त तो दादासमोर नेऊन ठेवायचा होता. बाप गेल्यावर माझं शिक्षण त्याने शिलाईवर केलं. मी त्याला परत काय दिलं म्हणाल तर दर दोन वर्षांनी एक चष्मा.

दुसऱ्या वर्षी कंपनीचं पत्र आलं. काम लांबलंय, माणसं कमी आहेत, आता दोनपैकी एकच गोष्ट होऊ शकेल: सहा तळघरांखाली एक सातवं, सगळं हाताने चितारलेलं, किंवा अक्षरं मोठी करायची आणि मजकूर मोठ्याने वाचून दाखवायची सोय. वर्गणीदारांनी मत द्यावं.

कुलूपवालीने लिहिलं, “मोठी अक्षरं घ्या. आपण सगळे म्हातारे होतोय, कबूल करा.”

मला चेव आला. दिवसभर लोकांना खालची ओळ वाचायला लावणारा माणूस मी. मी लिहिलं, “ज्याला अक्षरं दिसत नाहीत त्याने माझ्या दुकानात यावं, ग्रुपमधल्यांना खास सवलत. तळघर मात्र खोलच राहणार.” धडाधड हसरे इमोजी आले. मग मी हात धुऊन मागेच लागलो. रोज काहीतरी लिहायचो, कुंपणावर बसलेल्यांना फोन करायचो. निवडणुकीला उभा राहिलो असतो तरी इतकी मेहनत घेतली नसती.

मतदानाच्या शेवटच्या दिवशी दादा चहाला आला तेव्हा मी म्हटलं, “तू मत टाकलंस का?”

“तूच टाक ना माझं. पासवर्ड देतो.”

“बरं. तळघर ना?”

“मोठ्या अक्षरांना टाक,” दादा म्हणाला आणि हसला.

आता दादा म्हणजे आयुष्यभर माझी फिरकी घेत आलेला माणूस. लग्नाच्या दिवशी नवरी पळाली म्हणून त्याने मला पंधरा मिनिटं घामाघूम केलं होतं. मी म्हटलं, “झाली का तुझी गंमत सुरू?” आणि त्याच्यादेखत सातव्या तळघरावर बोट दाबलं. मग त्याने चहा संपवला, कप नीट टेबलाच्या मधोमध ठेवला आणि गेला. तळघर अकरा मतांनी जिंकलं. त्या दिवशी मी गिऱ्हाइकांना पेढे वाटायचेच काय ते बाकी होते.

गेम यायला आणखी दोन वर्षं लागली. त्या दोन वर्षांत दादाने हाताने काजं करणं बंद केलं, म्हणाला, मशीनचं काज आता चांगलं येतं. गडद कापडाची कामं घेईनासा झाला, म्हणाला, फॅशन गेली. मी दोनदा त्याचे डोळे तपासले. तक्त्याची शेवटची ओळ त्याने घडाघडा म्हटली आणि मी नंबर तोच ठेवला. मला शंका यायला हवी होती. बोलताना तो माझ्या तोंडाकडे न बघता कानाकडे बघायला लागला होता.

ज्या दिवशी गेम आला त्या दिवशी मी दुपारीच दुकान बंद करून त्याच्या घरी गेलो, स्वतः कॉम्प्युटरवर चढवून दिला, त्याला खुर्चीत बसवलं. सुरुवातीला एक वाडा जळताना दिसतो आणि त्याखाली बारीक अक्षरांत मजकूर. अगदी जुन्यासारखा! मी लहान पोरासारखा टाळ्या पिटत होतो. दादा म्हणाला, “मस्त रे. तू जा आता, मी एकटा खेळतो.”

आठवडाभर मी रोज विचारायचो, कुठवर आलास? “चाललंय,” तो म्हणायचा. आठव्या दिवशी वहिनी माझ्या दुकानात आल्या. त्या कधी येत नाहीत. बाकावर बसल्या, पिशवी मांडीवर धरून.

“भावजी, त्यांना दिलेला तो गेम तुम्ही परत न्या.”

“का? आवडला नाही?”

“ते नुसते त्याच्यासमोर बसतात हो. एकाच चित्राकडे. तास तास. त्यांना वाचता येत नाही आता. फोनसुद्धा मीच वाचून दाखवते, तीन वर्षं झाली.”

“तीन वर्षं? अहो, मी डोळे तपासले त्यांचे! शेवटची ओळ वाचली त्यांनी.”

“रोज सकाळी कुठे बसतात ते?” वहिनी म्हणाल्या. “तुमच्या त्या तक्त्यासमोरच ना. पाठ आहे त्यांना तो.”

मी त्यांच्यावर ओरडलो. मला आधी का नाही सांगितलं म्हणून. त्या शांतपणे म्हणाल्या, “त्यांनी शपथ घातली होती. धाकट्याचा धंदाच डोळ्यांचा, त्याला कसं सांगू, म्हणायचे. एकदा सांगायचा प्रयत्न केला म्हणे, पण तुम्हाला गंमत वाटली.”

डॉक्टरांनी सांगितलं, नजरेचा मधला भाग गेलाय, कडेचं तेवढं दिसतं, तेही हळूहळू जाईल. तीन वर्षांपूर्वी आला असता तर वेग थोडा कमी करता आला असता. हे वाक्य मी रोज ऐकतो, त्या डॉक्टरच्याच आवाजात.

कंपनीला लिहिलं. मोठी अक्षरं आता तरी घाला, हवं तर मी परत वर्गणी गोळा करतो. दोन ओळींचं उत्तर आलं. ते काम जाणणारा माणूस सोडून गेला, बाकीचे दुसऱ्या नोकऱ्या करतात, क्षमस्व. मग मी ग्रुपवर सगळं लिहिलं, काही लपवलं नाही. कुलूपवालीने मला वेगळा निरोप पाठवला: “मला त्या दिवशी तुमचा फार राग आला होता. आज नाही. त्यांना वाचून दाखवा.”

म्हणून मी वाचून दाखवतो. रोज संध्याकाळी दुकान बंद करून दादाकडे जातो. माउस माझ्या हातात, निर्णय त्याचे. मला चांगलं वाचता येत नाही. मी भरभर वाचतो, कंटाळा आला की ओळी गाळतो, आणि दादाला ते लगेच कळतं. “मागे जा. ती सरायवाली एवढंच बोलून गप्प बसणार नाही,” तो म्हणतो, आणि खरंच तिचं आणखी बोलणं असतं. कधी कधी तो इतका रंगतो की मला वाटतं, चाललंय की सगळं ठीक. मग तो स्क्रीनच्या डाव्या कोपऱ्याकडे बघत विचारतो, “राक्षस कुठेय?” राक्षस मधोमध उभा असतो, पडदाभर.

चार महिन्यांनी आम्ही सातव्या तळघराच्या जिन्यावर पोचलो. दादा खुर्चीत पुढे सरकला. वहिनी चहा घेऊन आल्या होत्या, त्याही दाराशी थांबल्या. मी जिना उतरलो.

ते आम्ही एकशे बारा जणांनी मागितलं होतं त्याहून सुंदर होतं. काळं पाणी, त्यात अर्धे बुडालेले खांब, आणि खूप खाली, पाण्याच्याही खाली, एक अख्खं शहर, खिडक्याखिडक्यांतून दिवे लागलेलं. एक अक्षरही नव्हतं कुठे. वाचून दाखवायला काहीच नव्हतं, फक्त बघायचं होतं. कुणीतरी दोन वर्षं बसून एकेक खिडकी रंगवली होती. माझ्या पोटात गोळा आला. अगदी दादा म्हणायचा तसा.

“कसं आहे रे?” दादाने विचारलं.

मला सांगता आलं नाही. खरं सांगितलं असतं तर त्याने काय गमावलं ते मलाच मोजून द्यावं लागलं असतं. माझ्यात तेवढं धैर्य नाही.

“ठीक आहे,” मी म्हटलं. “दगडी भिंती. अंधार. विशेष काही नाही.”

“नुसता अंधार?”

“नुसता अंधार.”

दादा मागे टेकला. बराच वेळ त्याच्या चेहऱ्यावर वाईट वाटल्यासारखं काहीतरी होतं, आणि ते स्वतःसाठी नव्हतं.

“अरेरे,” तो म्हणाला. “किती भांडलास रे तू त्याच्यासाठी.”

त्याने माझी पाठ थोपटायला हात पुढे केला. तो आधी खुर्चीला लागला, मग मला.