एका मोटेत दहा बार

मित्रांनो, मी एक जुनी बंदूक आहे, पण घाबरू नका. माझ्यातून आजवर एकही गोळी सुटलेली नाही, कारण मी लाकडाची आहे. बाभळीचं अंग, पुढे नेम धरायच्या माशीच्या जागी ठोकलेला खिळा आणि बोल्ट म्हणून मोडक्या खिडकीची लोखंडी खिट्टी, एवढाच माझा सरंजाम. लोणंदजवळच्या एका मळ्यात, गोठ्यातल्या खुंटीवर मी टांगलेली असते.

लढाईच्या दिवसांत आकाराम नावाचा शिपाई रजेवर घरी आला, तेव्हा माझा जन्म झाला. आकारामचा नेम पक्का होता, पण हात भारी संथ. ठरल्या वेळात दहा गोळ्या झाडायच्या परीक्षेत शिट्टी वाजली तरी त्याच्या गोळ्या उरायच्याच. रजा संपली की शेवटची परीक्षा होती. पास झाला तर सोबत्यांबरोबर ब्रह्मदेशाच्या आघाडीवर, नापास झाला तर डेपोच्या लंगरात स्वयंपाकाला. सोबती पुढे जाणार आणि आपण कांदे चिरणार, या विचारानं त्याला घास गोड लागत नव्हता.

त्याच्या सांगण्यावरून नाथाजी सुतारानं मला घडवलं. खऱ्या बंदुकीसारखी जड व्हावी म्हणून माझ्या दस्त्यात नांगराचा मोडका फाळ बसवला. "घे गड्या," तो म्हणाला, "गोळी तेवढी न्हाई, बाकी समदं हाय हिच्यात."

आता वेळ मोजायची कशी? घरात घड्याळ नव्हतं. पण विहिरीवर बैलांनी ओढायची चामड्याची मोट होती. आकाराम पलटणीत गेल्यापासून त्याची बायको तानुबाई एकटी बैल हाकून उसाला पाणी पाजत होती. मोटेचं पाणी विहिरीच्या काठावरच्या हौदात, म्हणजे थारोळ्यात, पडलं की सुरुवात करायची आणि पुढची मोट ओतायच्या आत दहा बार पुरे करायचे, असं त्यानं ठरवलं. पाण्याचा धबाक आवाज हीच त्याची शिट्टी.

"आणि नापास झालासा तर?" तानुबाईनं विचारलं.

"तर काय, लंगरात पळी हलवायची."

"लंगरातल्या मान्सांला गोळी लागत न्हाई न्हवं?"

आकाराम खो खो हसला. तानुबाई मात्र हसली नाही.

दुसऱ्या दिवसापासून सराव सुरू झाला. आकाराम बांधावर पालथा पडायचा आणि माझा दस्ता खांद्याला भिडवायचा. समोर चिंचेच्या खोडावर चुन्याचा ठिपका होता. खिट्टी मागं, खिट्टी पुढं, नेम, चाप! पुन्हा खिट्टी मागं! त्याची बोटं सोलून निघाली, कोपरांची सालटी गेली. तरी पहिले चार दिवस सातवा-आठवा बार होईतो मागे पाणी कोसळायचंच. तो दात-ओठ खायचा आणि पुन्हा मला खांद्याला लावायचा. असा जिद्दीचा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मग त्याचा हात सुधारू लागला, आणि एक नवल घडलं. मोटेचं चाक जोरात कुरकुरू लागलं. मोट ओढणारे बैल धावेच्या उतारावरून लगबगीनं उतरू लागले. आकारामचे नऊ बार होऊ लागले, तशी मोट आणखी लवकर येऊ लागली. माझ्या लाकडी डोक्यात तेव्हा लख्ख प्रकाश पडला. बाई बैल पळवत होती! नवरा नापास व्हावा, लंगरात राहावा, पण जिवंत राहावा, एवढंच तिला हवं होतं. मला तिचा राग आला नाही. उलट, उन्हात बैलांमागे धावणाऱ्या त्या बाईपुढे मान लवावी असं वाटलं.

रजा संपली. आकाराम गेला आणि मी खुंटीवर गेले. कोंबड्या माझ्यावर बसू लागल्या, खिट्टी गंजली. एकदा शेजारीण म्हणाली, "घाल की चुलीत ते लाकूड." तानुबाईनं मला उराशी धरलं आणि खिट्टीत करडईचं तेल सोडलं.

लढाई संपल्यावर आकाराम परतला. एक कान बहिरा झाला होता, पण बाकी धडधाकट. परीक्षेत त्याचे दहाही बार झाले आणि तरी शिट्टी वाजेना, हे त्यानं हसत सांगितलं. झाडीत समोरच्याच्या आधी आपला बार निघाला म्हणून दोनदा वाचलो, हेही सांगितलं. तशी तानुबाई रडू लागली.

"आवं, मी तवा बैलं पळवत हुते. तुमी नापास व्हावं म्हनून."

"ठावं हाय मला."

"कसं?"

"मोट अर्धीच भरून यायची. थारोळ्यात पडणारं पानी किती हाय, ते शेतकऱ्याच्या पोराला आवाजावरनं कळत न्हाई व्हय? खालच्या वाफ्यातला ऊस लय सुकला हुता त्या रजेत."

"मग बोलला का न्हाई?"

"बोललो असतो तर तू बैलं सावकाश हाकली असतीस."

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखं एखादं सरावाचं जुनं साधन असेल. ते फेकून देऊ नका, त्याला अधूनमधून तेलाचा थेंब द्या. माझ्याशी खेळायचं तर चिंचेवर नेम धरा, माणसावर कधीच नको. आणि तुम्ही सराव करताना मागून कुणी फार घाई करू लागलं, तर रागावण्याआधी एकदा वळून बघा. ती तानुबाईही असेल.